मादाम द पाँपादूर, अर्ध्या मापात : एका प्रतिकृतीच्या नोंदी

१४ जानेवारी

काम आजपासून सुरू. मूळ चित्र फ्रांस्वा-ह्यूबेर द्रुए या फ्रेंच चित्रकाराचं: फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची प्रेयसी मादाम द पाँपादूर भरतकामाच्या चौकटीपाशी बसली आहे, तैलरंग, १७६३-६४. मूळ माप २१७ × १५६.८ सेंमी, म्हणजे बाई जवळजवळ खऱ्या आकाराची. लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते १९७७ मध्ये विकत घेतलं. इथे राहायला आल्यापासून मी त्याच्यासमोर किती वेळ उभी राहिले असेन, हिशोब नाही. आता अर्ध्या मापात प्रत करायची.

नुसती प्रत करायची नाही. मूळ चित्रातलं डोकं वेगळ्या आयताकृती कॅनव्हासवर रंगवलेलं आहे आणि तो तुकडा नंतर मोठ्या कॅनव्हासात बसवलेला आहे. डोकं एप्रिल १७६३ मध्ये पुरं झालं, अख्खं चित्र मे १७६४ मध्ये. मधे १५ एप्रिल १७६४ ला पाँपादूर व्हर्सायमध्ये फुप्फुसाच्या विकाराने गेली. वय ४२. म्हणजे या चित्रातला चेहराच काय तो समोर बसलेल्या बाईवरून नक्की आलेला. शेवटचे हात फिरले तेव्हा ती जगात नव्हती.

मला हाच क्रम हाताने करून बघायचाय. आधी एका तुकड्यावर फक्त चेहरा. मग तो मोठ्या कॅनव्हासात बसवायचा आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती उभं करायचं. दरबारी पोर्ट्रेटचं खरं कसब त्या सांध्यात आहे असं मला वाटतं. चेहरा पाहून काढलेला असतो, पोशाख आणि दालन मांडून काढलेलं असतं. दोन्हींवर उजेड मात्र एकच पडलाय असं पाहणाऱ्याला वाटायला हवं.

१९ जानेवारी

गॅलरीत पेन्सिल आणि वही घेऊन बसले. छायाचित्रं घरी आहेतच, पण त्यांतले रंग विश्वासाचे नसतात, आणि जवळ गेल्याशिवाय ब्रश कुठे थांबला ते कळत नाही.

आजच्या टिपा फक्त चेहऱ्याच्या. हनुवटीखाली मांस आलंय, ते लपवलेलं नाही. डोळे शांत, पापण्या जरा जड. ओठ मिटलेले, पण हसू कुठे तरी आत आहे. तब्येत खालावलेली, वय एक्केचाळीस, आणि तरी चेहरा निवांत. द्रुएने तिला तरुण केलेलं नाही याचं मला फार कौतुक वाटतं. त्याने तिला स्वस्थ केलंय.

गालांवरचा लाल रंग मात्र ठसठशीत. ती लाज नव्हे की तब्येतीची लाली नव्हे. ते रूज आहे. व्हर्सायच्या दरबारात गालावर लाल गोल लावून यायचं हा रिवाजच होता, आणि तो लावलाय हे दिसावं अशीच अपेक्षा असे. तेव्हा चित्रकाराला कातडी आणि तिच्यावरचं प्रसाधन अशा दोन गोष्टी एकाच गालावर दाखवाव्या लागतात.

२६ जानेवारी

अस्तर, म्हणजे चित्राखालचा पायाचा थर. त्या काळचे फ्रेंच चित्रकार बऱ्याचदा दुहेरी अस्तर वापरत: खाली लालसर मातीचा थर, वर शिशाच्या पांढऱ्यात काळा मिसळून केलेला राखाडी. मी पण तसंच केलं. जेसोमध्ये, म्हणजे कॅनव्हासला आधी लावायच्या पांढऱ्या लेपात, रेड ऑक्साइड मिसळून दोन हात, वाळल्यावर घासून वर तैलरंगाचा फिका राखाडी. डोक्याचा तुकडा आणि मोठा कॅनव्हास एकाच ठाणातून कापलेत, म्हणजे जाडी सारखी राहील. उभा धागा दोन्हीकडे एकाच दिशेला ठेवलाय. सांधा उजेडात उघडा पडतो तो बहुतेक विणीमुळे, रंगामुळे नाही.

राखाडीच का, हे आज अस्तर वाळत असताना बघताना नीट उमगलं. आम्ही कोल्हापूरकडे शिकलो ते तपकिरी अस्तरावर: सावली आधीच तयार, उजेड वर चढवायचा. त्याने चेहऱ्याला वजन येतं, भारदस्तपणा येतो. राखाडी अस्तरावर उजेड आधीच निम्म्यापर्यंत आलेला असतो आणि सावलीला फार खोल जायची मुभाच उरत नाही. रोकोको, म्हणजे त्या काळच्या नाजूक फ्रेंच शैलीतल्या, चित्रांचा हलकेपणा गुलाबी रंगामुळे आहे असं सगळे धरून चालतात. माझ्या मते तो या राखाडीमुळे आहे.

२ फेब्रुवारी

पॅलेट ठरवलं. पांढरा, नेपल्स यलो, पिवळी माती, व्हर्मिलियनच्या जागी त्याच्या जवळचा कॅडमियम, एक गडद गुलाबी लेक (पारदर्शक रंग), प्रशियन ब्लू, रॉ अंबर, हाडांचा काळा. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला आणि बघता बघता सगळ्या युरोपच्या पॅलेटवर पोचला. त्याआधी चांगला निळा म्हणजे अल्ट्रामरीन आणि त्याचा खर्च. द्रुएच्या पिढीला गार रंग स्वस्तात मिळाले, आणि ते त्यांच्या चित्रांत दिसतं. कोबाल्ट ब्लू मी बाजूला ठेवला, तो १८०२ नंतरचा.

पांढरा टिटॅनियमचाच घेतला, थोडा झिंक मिसळून. शिशाचा पांढरा घरात आणायचा नाही, लहान मूल आहे. पण त्याची उणीव भासणार हे नक्की. शिशाचा पांढरा ब्रशला तार देतो आणि पातळ केला तरी अंगात दूध राहतं. टिटॅनियम खडूसारखा झाकून टाकतो, म्हणून त्याला फार जपून वापरायचं.

९ फेब्रुवारी

चेहरा, पहिली बैठक. ड्रॉइंग रॉ अंबरने पातळ, मग लगेच कातडीचे टोन.

अर्धछाया इथे हिरवट-राखाडी आहेत. कानशिलापाशी, जबड्याच्या कडेला, डोळ्याखाली. काळ्यात नेपल्स यलो आणि पांढरा मिसळला की हा रंग नेमका मिळतो. एकटा पॅलेटवर पाहिला तर मातकट, मरगळलेला दिसतो. गुलाबीच्या शेजारी ठेवला की गुलाबी जिवंत होतो. शाळेत शिकलेला सिएनाचा, म्हणजे तपकिरी मातीच्या रंगाचा, हात आपोआप पुढे येत होता, तो आवरला. सिएना घातला की ही बाई पॅरिसची राहत नाही.

कपाळ आणि नाकाचा कणा सोडून कुठेही रंग जाड नाही. ब्रशच्या खुणा मऊ कोरड्या ब्रशने पुसून घेतल्या आहेत. अशा पुसण्याने चेहरा मेणाचा होतो, ही भीती खरी. द्रुए त्यातून सुटतो कारण डोळ्यांच्या कडा आणि नाकपुडीखालची रेघ तो पुसत नाही. त्या दोन ठिकाणी ब्रश एकदाच टेकलाय आणि उचललाय.

१६ फेब्रुवारी

रूज. आधीचा थर वाळलेला. लेक तेलात अगदी पातळ करून गालावर ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, दिलं, बोटाच्या टोकाने कडा विरवली. मग त्यावर थोडा अपारदर्शक लाल, मधोमध. ग्लेझमुळे कातडीतली ऊब येते, वरच्या लालाने प्रसाधन येतं. दोन्ही वेगळे दिसले तेव्हाच थांबले.

एक लक्षात ठेवायला हवं: लाल लेक उजेडाने उडतात. अठराव्या शतकातल्या पुष्कळ पोर्ट्रेटांत ओठ-गाल आज दिसतात त्यापेक्षा मुळात गडद असणार. म्हणून मी आजच्या मूळ चित्रापेक्षा किंचित अधिक लाल ठेवलाय. हा माझा निर्णय. प्रत करणाऱ्याला एवढा हक्क असावा.

२३ फेब्रुवारी

लंडनच्याच वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात जाऊन आले. तिथे बूशे या फ्रेंच चित्रकाराने १७५९ मध्ये काढलेली पाँपादूर आहे: बागेत उभी, शेजारी बाकावर कुत्रा, मागे मैत्री आणि प्रेम यांचं शिल्प. माप लहान, ९१ × ६८ सेंमी. बूशेचा हात केवढा सराईत! रेशमाची एकेक घडी एका फटक्यात. पण चेहरा? तो बूशेच्या सगळ्या बायकांचा चेहरा आहे. चिनीमातीच्या बाहुलीसारखा नितळ. बूशेला ती जशी हवी होती तशी दिसते, द्रुएला जशी दिसली तशी दिसते. माझा कल उघड आहे.

शिल्पाचा विषय मात्र चुकवण्यासारखा नाही. १७५० च्या सुमारास राजाशी तिची शय्यासोबत संपली होती. त्यानंतर ती त्याची मैत्रीण, सल्लागार, त्याच्या भेटीगाठींची दारवान झाली आणि मरेपर्यंत राहिली. तिने स्वतःची जी चित्रं काढून घेतली त्यांत ही नवी जागा पुन्हा पुन्हा सांगितली आहे. ती जन्माने उमराव घराण्यातली नव्हती. पॅरिसच्या पैसेवाल्या मध्यमवर्गातली, माहेरचं नाव झान-आंत्वानेत प्वासाँ. १७४५ मध्ये राजाने मार्कीझ केलं. जुन्या घराण्यांनी तिला हे कधी विसरू दिलं नाही. वंशावळ नसलेल्या बाईला भिंतीवर काय मांडता येईल? पुस्तकं, वाद्य, चित्रांची वही, हातातलं काम. द्रुएच्या चित्रात मागे पुस्तकांचं कपाट आहे, खाली मँडोलिन आणि चित्रांचा पोर्टफोलिओ. रक्ताने नाही तर रुचीने मी इथे आहे, असं ते सगळं म्हणतं. अहंकार आहेच त्यात, पण मला तो पटतो.

ला तूरने केलेलं तिचं मोठं पेस्टल, १७५५ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, लावलेलं, आता लूव्रमध्ये आहे. त्यातही डोकं वेगळ्या कागदावर करून मग चिकटवलेलं. तिथे आणि इथे एकच युक्ती दिसते याचं कारण साधं असावं: या बाईकडे बसायला वेळ नसे. चेहऱ्यापुरती ती मिळायची. पोशाख लाकडी पुतळ्यावर चढवून नंतर सावकाश रंगवायची पद्धत स्टुडिओंत होतीच.

८ मार्च

सांधा.

मोठ्या कॅनव्हासात खिडकी कापली. प्लायवूडवर पीव्हीए गोंद, आधी मोठा कॅनव्हास, मग खिडकीत डोक्याचा तुकडा. वर सिलिकॉनचा कागद, त्यावर सपाट फळी, त्यावर पुस्तकांची चळत, रात्रभर. चेहऱ्यावर रंग पातळ आहे म्हणून हे चाललं. लेस आधी केली असती तर दाबाने सपाट झाली असती. द्रुएच्या माणसांनी नेमकं कसं केलं असेल ते वेगळं. माझी सोय ही.

सकाळी बोट फिरवून पाहिलं. पातळी सारखी. फटीत खडू आणि सरसाची लांबी (पुटी) भरली, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर, मग त्याच राखाडीने अस्तर पुरं केलं.

आता चेहरा एका रिकाम्या राखाडी मैदानाच्या मधोमध आहे, आणि मैदान त्याच्या अंगावर येतंय. तुकड्यावर तो पुरेसा उजळ होता. इथे बसताच गडद झाला. बाजूला फिका राखाडी पसरला की असं होणारच. चेहऱ्याला हात लावायचा नाही, असं ठरवलं. पोशाखाचा पांढरा किती उजळ ठेवायचा ते आता चेहराच सांगेल.

१५ मार्च

पोशाख. पांढऱ्या जमिनीवर वेलीफुलं, आणि किती! प्रत्येक घडीवर फुलं वळतात, अर्धी होतात, सावलीत जातात.

त्या फुलांची चाल हिंदुस्थानी चिटांची आठवण करून देते. कोरोमंडल किनाऱ्यावरून जाणाऱ्या रंगीत सुती चिटांनी फ्रान्सला वेड लावलं होतं, इतकं की रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांच्या तक्रारींवरून १६८६ मध्ये बंदी आली. आयात करायची नाही, देशात छापायची नाही, अंगावर घालायची नाही. लोक घालत राहिले, दरबारी बायकाही. बंदी उठली १७५९ मध्ये, हे चित्र सुरू व्हायच्या चार वर्षं आधी. आपल्याकडच्या वेलबुट्टीने त्यांची नजर घडवली होती, हे इथे लंडनमध्ये बसून रंगवताना सुखावतं.

पद्धत: आधी फुलं विसरायची. अख्खा पोशाख पांढरा आहे असं धरून घड्या, उजेड, सावली पुऱ्या केल्या, राखाडी आणि किंचित निळसर छटांनी. फुलं नंतर. आधी फुलं काढली की पोशाख भिंतीवरचा कागद होतो.

२२ मार्च

फुलं. हिरव्यासाठी प्रशियन ब्लू आणि पिवळी माती. सावलीतली फुलं फक्त बदललेल्या राखाडीची. दिवसभर तेच.

३० मार्च

हात आणि भरतकामाची चौकट. इथे मिरजेच्या मावशीचा फोन कामाला आला. ती ब्लाऊजवर आरी वर्क करून देते, लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते. व्हिडिओ कॉलवर तिला मूळ चित्राचा मोठा फोटो दाखवला.

‘‘अगं, ही आरीच की! कापड ताणून बसवलंय बघ.’’

तिने बरोबर ओळखलं. चौकटीत ताणलेलं कापड आणि टोकाला बारीक आकडी असलेली सुई: ही तऱ्हा पूर्वेकडून, आपल्याकडच्या आरीकामातून, अठराव्या शतकात युरोपात पोचली आणि तिथल्या श्रीमंत बायकांचा आवडता विरंगुळा झाली. दोरा कापडाच्या खाली धरायचा, आकडी वरून आत घालायची, दोऱ्याचा फास वर ओढायचा, पुढच्या फासात अडकवायचा. वर फक्त साखळी दिसते. टाका साध्या सुईपेक्षा कितीतरी भरभर जातो.

मग मावशीने मला शिकवणी दिली. ‘‘वरच्या हाताची बोटं सुईला घट्ट धरत नाहीत, मनू. सुई फिरवायला जागा लागते. आणि खालच्या हाताचा खांदा जरा पुढे येतो. ती एवढी ताठ बसलीय, म्हणजे या घडीला काही काम करत नाही. कुणी तरी आलंय म्हणून वर बघतेय.’’

हे मला गॅलरीत इतके दिवस दिसलं नव्हतं. काम थांबलेलं आहे. खोलीत कुणी तरी आलंय आणि ती पाहुण्याकडे पाहतेय, म्हणजे आपल्याकडे. उभं राहून स्वागत करायचं तिला कारण नाही. ती बसूनच भेटते. एवढ्या एका बैठकीत तिचा सगळा हुद्दा आलाय. हात मावशीच्या सांगण्यावरून पुन्हा ढिले केले, बोटांच्या पेरांवर थोडा गुलाबी दिला. चौकटीवरचं कापड बाकीच्या पांढऱ्यांहून थोडं पिवळसर ठेवलं.

६ एप्रिल

लेस. गेल्या महिनाभर हिची वाट पाहत होते. डोक्यावरची टोपी आणि कोपरापासून खाली पडणाऱ्या झालरींचे थर.

लेस धाग्याधाग्याने काढायची नसते. आधी खाली जे आहे ते पुरं करायचं: दंडाची कातडी, पोशाखाची घडी. ते वाळलं की पांढऱ्यात काळ्याचा कण टाकून, जवळजवळ कोरड्या ब्रशने, अर्धपारदर्शक राखाडी ओढायची. खालची कातडी धुरकट दिसली पाहिजे. इथेच टिटॅनियमने त्रास दिला. एकच थेंब जास्त झाला की कातडी गायब. झिंकचं प्रमाण वाढवलं तेव्हा जमलं. मग त्या धुक्यात खालचाच गडद टोन घेऊन बारीक ब्रशने भोकं पाडायची, नक्षीच्या मधली. आणि सगळ्यात शेवटी, जिथे झालर वळून उजेडाकडे येते तिथेच, जाड पांढरा. ठिपके, आकडे, तुटक रेघा. ब्रश कापडावरून उचलताना रंगाला टोक येतं ते मोडायचं नाही. उजेड त्या टोकावर अडकतो.

दोन फुटांवरून पाहिलं तर नुसते ठिपके. खोलीच्या दारातून पाहिलं तर लेस. त्या दोन अंतरांमध्ये मी आज कितीदा ये-जा केली!

टोपीची लेस सगळ्यात नाजूक, कारण ती चेहऱ्याला लागून आहे. चेहरा फेब्रुवारीतला, लेस एप्रिलची. टोपीची सावली कपाळावर पडते ती मी तुकड्यावर असताना घातली होती, पण ती सावली पाडणारी टोपी तेव्हा नव्हतीच. आज टोपी आली आणि सावलीला मालक मिळाला. कडेचा एक राखाडी पट्टा केसांत ओढून नेला. केस पावडर लावलेले, राखाडीच, त्यामुळे लेस आणि केस यांची हद्द कुठे संपते ते मुद्दाम धूसर ठेवता येतं. तिथे मी अगदी मोकळी होते.

१३ एप्रिल

कुत्रा, मँडोलिन, पुस्तकं. काळ्या कुत्र्यात काळा जवळजवळ नाही. अंबर, प्रशियन ब्लू आणि लेक. पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं वाचता येतील अशी काढली नाहीत. पडदा अजून बाकी.

गडद भाग वाळल्यावर मरतात, काळं निर्जीव दिसायला लागतं. तेलाचा हलका हात फिरवून पुसून घेतलं, रंग परत वर आले.

४ मे

पडदा झाला. आज चित्र खिडकीला काटकोनात ठेवून तिरक्या उजेडात तपासलं. समोरून सांधा दिसत नाही. तिरक्या उजेडात डोक्याच्या तुकड्याची उजवी कड एका बारीक रेघेने कळते, खालची कड अजिबात कळत नाही, कारण तिथे गळ्याची लेस आणि रिबन जाड रंगात आहेत.

उजवी कड भरायची का, यावर बराच विचार केला. लांबी भरून, घासून, त्या पट्ट्यात पार्श्वभूमी पुन्हा रंगवता येईल. नाही करायचं. समोर उभं राहणाऱ्यासाठी उजेड चेहऱ्यावरून लेसवर, लेसवरून पोशाखावर, तिथून हातावर न अडखळता जातो, आणि मला तेवढंच साधायचं होतं.

मावशीला फोटो पाठवला. तिचं म्हणणं, हात आता ‘काम येणाऱ्या बाईचे’ दिसतात.

राहिलेलं: रिबनच्या टोकांवर थोडा उजेड, मँडोलिनच्या तारा. व्हार्निश नोव्हेंबरच्या आत नाही. मँडोलिनच्या तारा वाळल्या की डोक्याच्या तुकड्यासाठी कापून उरलेल्या लिननवर ला तूरच्या पेस्टलमधला चेहरा तैलरंगात करून बघायचा, याच राखाडीवर.